बुद्धिबळाची पुस्तकं आणि सॉफ्टवेअर: उत्तर दिसण्याआधी चाल ठरवायला लावेल तेच घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑनलाइन रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) दीड हजाराच्या आसपास बराच काळ अडकलंय. फोनमध्ये इंजिन, म्हणजे चाली तपासून देणारा प्रोग्रॅम, आहे, ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, काही कोर्स घेतलेत, पुस्तकांच्या फायलींचा ढीग साठलाय. आता नेमकी कोणती पुस्तकं आणि कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि त्यासाठी तगडा संगणक लागेल का?

साहित्य तुमच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. मी बरीच वर्षं खेळाडूंना शिकवतोय, आणि नवं पुस्तक किंवा नवं सॉफ्टवेअर हातात आलं की मी एकच गोष्ट तपासतो: उत्तर दाखवण्याआधी हे मला स्वतःची चाल ठरवायला लावतं का? लावत असेल तर ते कामाचं, मग ते शंभर वर्षं जुनं असो की कालच आलेलं असो. लावत नसेल तर त्यातली माहिती कितीही अचूक असली तरी पटावर तिचा उपयोग फार थोडा होतो.

प्रत्यक्ष डावात तीन कामं करावी लागतात: खेळण्याजोग्या चाली शोधायच्या, त्यातली एक निवडायची आणि घड्याळ दाबून तिचे परिणाम भोगायचे. इंजिन चालू ठेवून डाव बघताना यातलं एकही काम होत नाही. प्रत्येक चाल बघता बघता पटत जाते. पण पटलेली चाल पुढच्या डावात आपल्याला सुचेलच असं नाही, आणि दीड हजारावर अडकलेल्या बहुतेक खेळाडूंचा अभ्यास नुसता पटण्यावर चाललेला असतो.

आधी पुस्तकं. या पातळीवर पहिलं पुस्तक टिपांसहित डावांचं असावं. अर्विंग चेर्नेव यांचं १९५७ सालचं 'लॉजिकल चेस: मूव्ह बाय मूव्ह' मी अजूनही सर्वांत आधी सुचवतो. त्यात ३३ डाव आहेत आणि प्रत्येक खेळीवर टिप्पणी आहे, अगदी पहिल्या खेळीला राजापुढचं प्यादं दोन घरं का सरकवायचं इथपासून. त्याची मर्यादाही माहीत असावी. डाव कोण जिंकला हे ठाऊक असल्याने लेखकाला विजेत्याची प्रत्येक खेळी योजनाबद्ध दिसते आणि हरणाऱ्याची प्रत्येक खेळी चुकीची. खरे डाव इतके सरळ नसतात. तरीही शिकणाऱ्याला आधी अशी सलग गोष्ट लागते. घोडा त्या घरात का गेला, ते प्यादं का हललं, याचा एक धागा हाताला लागला की मग गुंतागुंत पचते.

त्यानंतर डेव्हिड ब्रॉन्स्टाइन यांनी जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या १९५३ च्या झुरिच इथल्या स्पर्धेवर लिहिलेलं पुस्तक घ्या. पंधरा खेळाडू, प्रत्येकाचे एकमेकांशी दोन डाव, म्हणजे २१० डाव. सगळे खेळायची गरज नाही. ब्रॉन्स्टाइन दोन्ही बाजूंना काय हवं होतं ते सांगतात, कल्पना सांगून भागत असेल तिथे पर्यायी चालींच्या लांबलचक फांद्या देत नाहीत. आणि बरोबरीत सुटलेल्या डावांतही लढत कशी असते ते दाखवतात. चेर्नेवकडे एकाच बाजूची गोष्ट मिळते, इथे दोन्ही बाजूंची मिळते.

आता अशी पुस्तकं वाचायची कशी, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण खरा फरक इथे पडतो. पुस्तक अंथरुणात पडून किंवा स्क्रीनवर बाण दाबत वाचू नका. लाकडाचा असो, प्लॅस्टिकचा असो, खरा पट मांडा. विजेत्याच्या बाजूला बसा आणि पानावरच्या पुढच्या खेळ्या कागदाने झाका. पहिल्या आठ-दहा खेळ्या सरळ खेळून घ्या. त्यानंतर विजेत्याच्या प्रत्येक खेळीआधी थांबा, तुम्ही काय खेळला असता ते वहीत लिहा आणि शेजारी एका ओळीत कारण लिहा. 'हत्ती मोकळ्या पट्टीवर', 'उंटाची अदलाबदल टाळायची', इतकं पुरे. मग कागद एक ओळ खाली सरकवा.

तुमची खेळी आणि पुस्तकातली खेळी जुळली तर पुढे जा. जुळली नाही तर दोन शक्यता असतात. लेखकाने तुमच्या खेळीचा उल्लेख केला असेल तर ती का टाकाऊ ठरली ते वाचा आणि पटावर खेळून बघा. उल्लेखच नसेल तर वहीत तिथे खूण करा आणि डाव पुढे न्या. डाव संपल्यावर फक्त त्या खुणांपाशी इंजिन उघडा. एका डावाला तास-दीड तास लागेल, आठवड्याला दोन-तीन डावच होतील. होऊ द्या. असे तीस डाव संपल्यावर तुमच्या वहीत स्वतःच्या विचारांचा जो नकाशा तयार होतो, तो कुठल्याच कोर्समध्ये विकत मिळत नाही. कोणाच्या वहीत हल्ल्याच्या खेळ्या जुळतात आणि शांत खेळ्या चुकतात, तर कोणी प्रतिस्पर्ध्याला काय हवंय हे विचारतच नाही. पुढे काय शिकायचं हे त्या वहीवरूनच ठरवावं.

जुन्या पुस्तकांतल्या विश्लेषणात इंजिनाला चुका सापडतात, मग ती वाचायची कशाला, असं पुष्कळजण विचारतात. यावर १९९९ चा नेदरलँड्समधल्या विक आन झी इथला कास्पारोव्ह-टोपालोव्ह डाव बघा. चोविसाव्या खेळीला पांढऱ्याकडून खेळणाऱ्या कास्पारोव्हने डी४ या घरातलं प्यादं हत्तीने घेऊन हत्तीचं बलिदान दिलं. टोपालोव्हने ते स्वीकारलं आणि त्याचा राजा पट ओलांडत पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत, डी१ पर्यंत हाकलला गेला. बलिदान नाकारून राजा बी६ वर नेला असता तर काळा तरला असता, हे आज फोनमधलं इंजिनही दाखवतं. त्याने त्या डावातलं शिकण्यासारखं काही कमी होतं का? पटाच्या मध्यात आलेल्या राजाभोवती मोहरी कशी काम करतात, शांत खेळीने जाळं कसं आवळतात, हे सगळं तसंच शिल्लक राहतं. शिवाय ते बलिदान नाकारायचं धैर्य समोरच्याला का झालं नसेल, हा प्रश्न माणसाच्या खेळाबद्दल फार काही शिकवून जातो. लेखकाची एखादी फांदी चुकीची निघाली तर समासात दुरुस्ती लिहा आणि पुढे वाचा.

जुन्या आवृत्त्या घेताना एक अडचण येते ती नोंदणीची, म्हणजे खेळ्या लिहिण्याच्या पद्धतीची. जुन्या इंग्रजी पुस्तकांत वर्णनात्मक पद्धत असते. तिच्यात प्रत्येक घराला दोन नावं असतात, एक पांढऱ्याच्या बाजूने मोजलेलं आणि एक काळ्याच्या. 'पी-के४' ही खेळी पांढऱ्याने केली तर प्यादं ई४ वर जातं आणि काळ्याने केली तर ई५ वर. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९८१ पासून आजची ए ते एच आणि १ ते ८ ही एकच पद्धत ग्राह्य धरली. कापाब्लांकाचं १९२१ चं 'चेस फंडामेंटल्स' आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कायदेशीरपणे मोफत मिळतं, पण जुन्या नोंदणीत. दोन-तीन डाव धडपडलात की सवय होते, आणि ते पुस्तक तेवढ्या धडपडीच्या लायकीचं नक्कीच आहे. नको असेल तर नव्या नोंदणीतली आवृत्ती घ्या. इंग्रजी वाचणं जड जात असेल तर बेलग्रेडहून १९६६ पासून निघणाऱ्या 'चेस इन्फॉर्मंट'च्या खंडांकडे बघा. मोहऱ्यांची चित्रं आणि ठरावीक चिन्हं वापरून केलेली ती टिपणं भाषेशिवाय वाचता येतात. मात्र ती जरा वरच्या पातळीची आहेत.

तुम्ही साठवलेल्या फायलींबद्दल स्पष्टच सांगतो. त्यातल्या बऱ्याचशा लेखकाला एक पैसाही न देता फिरणाऱ्या प्रती असतात, आणि त्या वाचल्याही जात नाहीत. ढीग डोळ्यांसमोर असला की माणूस एका पुस्तकाची वीस पानं वाचून दुसरं उघडतो. एक पुस्तक विकत घ्या, संपवा, मग दुसरं घ्या. ई-पुस्तक हवं असेल तर ज्यात खेळ्या पडद्यावरच्या पटावर करून बघता येतात असं ॲप चालेल, पण त्यातलं इंजिनाचं बटण बंद ठेवा.

डावपेचांसाठी छापील पुस्तक की वेबसाइट? दोन्ही चालतात, पण त्यांतून मिळणारा व्यायाम वेगळा. लास्लो पोल्गार यांच्या ५,३३४ उदाहरणांच्या जाडजूड ग्रंथात एका खेळीत मात करायची ३०६, दोन खेळ्यांत मात करायची ३,४१२ आणि तीन खेळ्यांत मात करायची ७४४ कोडी आहेत. यातली दोन खेळ्यांची कोडी पट न हलवता, नुसत्या नजरेने सोडवत गेलात तर राजाभोवतीच्या घरांवर कोणाचा ताबा आहे हे दिसायला लागतं. त्यात डावाच्या नैसर्गिक स्थिती कमी आणि रचलेल्या स्थिती जास्त आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

लिचेस या मोफत बुद्धिबळ वेबसाइटवरची कोडी प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या डावांतून काढलेली असतात आणि त्यांचा पूर्ण साठा कोणालाही मोफत उतरवून घेता येतो. तिथे माझी शिस्त अशी: पहिली खेळी करण्याआधी शेवटपर्यंतचा मार्ग डोक्यात पूर्ण झाला पाहिजे, प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चिवट उत्तरासकट. शह दिसला की दाबून टाकायचा आणि पुढचं पुढे बघायचं, ही सवय कोड्यांत खपून जाते आणि डावात घात करते. विषयवार कोडी, म्हणजे 'आता फक्त दुहेरी हल्ले', एखादी कल्पना नव्याने शिकताना उपयोगी. एरवी मिश्रच सोडवा, कारण विषय कळला की अर्धं उत्तर कळलेलं असतं. घड्याळ लावून सोडवायच्या झटपट कोड्यांनी ओळखीचे नमुने लवकर दिसू लागतात, पण खोल गणन शिकायला मिळत नाही. ती शेवटी, डोकं थकल्यावर.

कोड्यांचा मूळ दोष राहतोच: इथे काहीतरी आहे हे तुम्हाला आधीच माहीत असतं. डावात ही सूचना कोणी देत नाही. यावर मी करून घेतो ते असं. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या डावांतल्या पंधरा-वीस स्थिती काढतो. त्यातल्या निम्म्या स्थितींत डावपेच असतो आणि निम्म्यांत साधी विकासाची किंवा बचावाची खेळीच बरोबर असते. कोणती कशातली हे सांगत नाही. लिचेसच्या 'स्टडी'मध्ये, म्हणजे तिथल्या टिपणवहीत, असा संग्रह बनवायला थोडाच वेळ लागतो, आणि एखादा मित्र मिळाला तर एकमेकांसाठी बनवा. दीड हजारावरचा खेळाडू कोडी अठराशेच्या पातळीची का सोडवतो आणि डाव मात्र त्या पातळीवर का खेळत नाही, याचा उलगडा अशा दोन-तीन संग्रहांत होतो.

अंतिम पर्वासाठी, म्हणजे पटावर मोजकी मोहरी उरतात त्या टप्प्यासाठी, एकच पुस्तक पुरेल. जेरेमी सिल्मन यांचं २००७ चं अंतिम पर्वाचं पुस्तक रेटिंगच्या पायऱ्यांनुसार रचलेलं आहे. आपल्या पायरीपर्यंत वाचायचं आणि थांबायचं, असं लेखकच सांगतो. ही मांडणी मला फार आवडते. ड्वोरेत्स्की यांचा अंतिम पर्वाचा ग्रंथ थोर आहे, पण आत्ता तुमच्यासाठी नाही. दोन स्थिती मात्र आजच पक्क्या करा. फिलिडोरची स्थिती: समोरच्याकडे हत्ती आणि प्यादं, तुमच्याकडे नुसता हत्ती, आणि तुमचा राजा प्याद्याच्या वाटेवर बढतीच्या घराजवळ. प्यादं पाचव्या रांगेत असेपर्यंत तुमचा हत्ती, त्याच्या बाजूने मोजलेल्या, सहाव्या रांगेवर ठेवायचा, म्हणजे त्याच्या राजाला पुढे घुसता येत नाही. प्यादं सहाव्या रांगेवर सरकलं की त्याच्या राजाचा आडोसा गेला. तेव्हा हत्ती थेट दूरच्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचं, आणि डाव बरोबरीत. लुसेनाची स्थिती याच्या उलट, जिंकण्याची. प्यादं सातव्या रांगेत, आपला राजा त्याच्या पुढे आठव्या रांगेत, समोरचा राजा किमान एका पट्टीने तोडलेला. हत्ती चौथ्या रांगेवर आणायचा, राजा बाहेर काढायचा आणि शेवटचा शह त्याच हत्तीने अडवायचा.

या दोन्ही स्थिती वाचून सोडू नका. संगणकाविरुद्ध खेळून बघा, कारण इथे त्याच्याइतका निर्दय आणि अचूक प्रतिस्पर्धी मिळणार नाही. एकूण सात मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची उत्तरं आता टेबलबेसमध्ये साठवलेली आहेत. त्यात अंदाज नसतो, नक्की निकाल असतो. रोनाल्ड डी मान यांच्या सिझिजी टेबलबेसचा पाच मोहऱ्यांपर्यंतचा भाग एका जीबीच्या आसपास आहे, सहाचा सुमारे दीडशे जीबी, आणि सातचा १६ टेराबाइटांहून मोठा. तुम्हाला काहीच उतरवून घ्यायची गरज नाही, लिचेसवर सात मोहऱ्यांपर्यंत थेट विचारता येतं. अशा संपूर्ण गणनाने शतकभराची समजूतही उलटली आहे. दोन उंट विरुद्ध एकटा घोडा ही लढत योग्य बचाव केला तर बरोबरीत राखता येते असं एकोणिसाव्या शतकापासून मानलं जायचं. १९८० च्या दशकात केन थॉम्पसन यांनी संगणकावर दाखवलं की ती सर्वसाधारणपणे जिंकता येते, फक्त त्याला काही वेळा ६६ खेळ्या लागतात. मला हे आजही थक्क करतं.

ओपनिंगच्या पुस्तकांवर फार लिहीत नाही. तुम्ही घेतलेल्या कोर्सांपैकी पांढऱ्यासाठी एक आणि काळ्यासाठी दोन ओपनिंगं ठेवा, बाकी बंद करा. ठेवलेल्या कोर्सातही आठव्या-दहाव्या खेळीपुढचं पाठांतर सोडून द्या, तुमचे प्रतिस्पर्धी तिथवर पुस्तकातून येतच नाहीत. ठरावीक अंतराने उजळणी करून घेणारी सॉफ्टवेअरं, चेसेबलसारखी, खेळ्या स्मरणात ठेवायला चांगलीच आहेत. आधी चाल करायला लावतात, म्हणून माझ्या कसोटीलाही उतरतात. पण त्यांच्यात बरोबर चाल एकच असते, आणि माणूस ती का बरोबर हे विसरून बोटांनी खेळायला लागतो. प्रत्येक फांदीच्या शेवटी स्वतःला विचारा: आता माझी मोहरी कुठे जाणार आणि कोणतं प्यादं हलणार? उत्तर येत नसेल तर ती फांदी पाठ झालेली असली तरी कळलेली नाही.

आता इंजिन. स्टॉकफिश मोफत आहे, त्याचा मूळ कोड खुला आहे, आणि त्याहून चांगलं काही विकत घेण्याची कोणालाच गरज नाही. २००८ मध्ये टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग या प्रोग्रॅमपासून ते सुरू झालं. २०१३ पासून जगभरचे स्वयंसेवक आपले संगणक देऊन त्यातल्या प्रत्येक छोट्या बदलाची हजारो डावांत चाचणी करतात. २०२० मध्ये त्यात न्यूरल नेटवर्कचं मूल्यमापन आलं. ते तंत्र यू नासू यांनी आधी शोगी या जपानी खेळासाठी बनवलं होतं. लीला चेस झिरो हे दुसरं मोठं मोफत इंजिन स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझिरो या प्रोग्रॅमच्या धर्तीवर २०१८ मध्ये सुरू झालं, पण ते नीट चालायला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि तुमच्या कामासाठी त्याने काही फरक पडणार नाही.

कोणती बाजू किती वरचढ हे सांगणारा इंजिनाचा आकडा नीट वाचायला शिका. स्टॉकफिशच्या १५.१ या आवृत्तीपासून +१ चा अर्थ असा बसवलेला आहे की इंजिन विरुद्ध इंजिन खेळात त्या बाजूला जिंकण्याची शक्यता साधारण निम्मी. तुमच्या डावात, जिथे दोन्ही बाजू प्यादी-मोहरी फुकट देतात, ०.३ आणि ०.६ यांतल्या फरकाला काहीही किंमत नाही. त्या फरकापायी आपली समजलेली योजना सोडून इंजिनाची न समजलेली खेळी उचलणारे खेळाडू मी खूप पाहिलेत. अभेद्य बचाव उभा राहिलेल्या स्थितींत तर इंजिन मोठा आकडा दाखवत राहतं आणि पटावर काहीच पुढे सरकत नाही. म्हणून पहिलं काम, पटाशेजारी हा आकडा दाखवणारी मूल्यमापनाची पट्टी बंद करा. डाव बघताना तीच तुमच्या जागी विचार करते.

स्वतःच्या डावाचं विश्लेषण असं करा. डाव संपल्यावर आधी इंजिनाशिवाय पूर्ण डाव पुन्हा खेळा आणि त्या वेळी काय वाटलं होतं, कशाची भीती वाटली, कोणती खेळी नाकारली, हे टिपणांत लिहा. हे त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी आठवण पुसट होते. वळणाच्या तीन-चार जागा निवडा आणि तिथे काय खेळायला हवं होतं याचं स्वतःचं उत्तर लिहा. मग इंजिन सुरू करा, आणि एकाऐवजी पहिल्या तीन खेळ्या दाखवायला सांगा. तिन्हींचे आकडे जवळजवळ सारखे असतील तर ती जागा निर्णायक नव्हतीच, पुढे चला. पहिली आणि दुसरी यांत मोठी दरी असेल तर थांबा. तिथे फक्त एकच चाल चालत होती आणि ती का, हे शोधायचंय.

ते शोधायला इंजिनाला उलट प्रश्न विचारा. तुम्हाला सुचलेली खेळी पटावर करा आणि बघा ते काय उत्तर देतं. त्यावर तुमचं उत्तर करा, आणि असं चार-पाच खेळ्या भांडा. 'धमकी दाखवा' ही सोय लिचेसवर आणि बहुतेक सॉफ्टवेअरांत असते. समोरच्यालाच लागोपाठ दुसरी खेळी मिळाली असती तर त्याने काय केलं असतं, ते ती दाखवते. इंजिनाची एखादी विचित्र शांत खेळी का चांगली हे कळत नसेल तर धमकी बघा, बहुतेक वेळा कोडं सुटतं. शेवटी निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. आपोआप निघणारा अहवाल, म्हणजे 'इतक्या टक्के अचूक, इतक्या घोडचुका', यात तुमचं एकही वाक्य नसतं, म्हणून तो वाचून काही बदलत नाही. सिंगापूरला २०२४ मध्ये जगज्जेता झालेल्या गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीच्या वर्षांत इंजिनापासून दूरच ठेवलं होतं. प्रत्येकाने तसं करावं असं मी म्हणत नाही, पण इंजिनाआधी स्वतःचं विश्लेषण हा नियम मी कोणालाच मोडू देत नाही. आणि चालू डावात इंजिन उघडणं म्हणजे फसवणूक, हे वेगळं सांगायला नको. आयसीसीएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पत्रव्यवहारी बुद्धिबळात मात्र त्याला मुभा आहे, आणि तो निराळाच खेळ आहे.

इंजिनाविरुद्ध पूर्ण डाव खेळायचे असतील तर ताकद कमी केलेलं स्टॉकफिश टाळा. ते बराच वेळ अचूक खेळतं आणि मध्येच अर्थहीन चूक करतं. त्याऐवजी २०२० मध्ये आलेलं माया हे इंजिन बघा. माणसांच्या ऑनलाइन डावांवर ते शिकवलेलं आहे, ११०० ते १९०० अशा पातळ्यांत आहे, आणि सर्वोत्तम खेळीऐवजी त्या पातळीचा माणूस करेल ती खेळी करायचा प्रयत्न करतं. लिचेसवर बॉट म्हणून त्याच्याशी खेळता येतं. तुमच्या ओपनिंगमधल्या नेहमीच्या मध्यडावाचा सराव त्याच्याबरोबर चांगला होतो.

डावांचा संग्रह ठेवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर तुम्हाला आत्ता कितपत लागेल? बडे खेळाडू त्यावर जगतात. १९८५ मध्ये हॅम्बुर्गच्या संघाविरुद्ध एकाच वेळी अनेक पटांवर खेळताना कास्पारोव्ह हरला होता. १९८७ मध्ये नव्याने निघालेल्या चेसबेस या डेटाबेस प्रोग्रॅमवर त्या खेळाडूंचे डाव अभ्यासून तो परत गेला आणि ७-१ ने जिंकला. पण तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या डावांची अशी तयारी करण्याची वेळ अजून आलेली नाही. तुम्हाला डेटाबेस हवा तो स्वतःच्या डावांसाठी. स्किड व्हर्सेस पीसी हा मोफत प्रोग्रॅम त्याला पुरतो, दिसायला जरा जुनाट आहे इतकंच. तेही नको असेल तर लिचेस स्टडी पुरे. चेसबेस उत्तम आहे, पण महाग आहे आणि फक्त विंडोजवर चालतं. स्पर्धा नियमित खेळू लागलात की मग विचार करा. काहीही वापरलंत तरी डाव पीजीएन फायलीत साठवा. १९९३ मध्ये ठरलेला हा साधा मजकुराचा साचा प्रत्येक सॉफ्टवेअर वाचतं, त्यामुळे उद्या प्रोग्रॅम बदललात तरी टिपणं हातची जात नाहीत. थोरामोठ्यांचे ताजे डाव हवे असतील तर मार्क क्राउदर यांचं 'द वीक इन चेस' १९९४ पासून चालू आहे आणि दर आठवड्याचे डाव पीजीएनमध्ये मोफत देतं.

राहिला संगणकाचा प्रश्न. नवा घेऊ नका. साध्या लॅपटॉपवर, किंवा आत्ता आहे त्या फोनवर, स्टॉकफिश काही सेकंदांत इतकं खोल पाहतं की तुमच्या डावातली प्रत्येक चूक त्यात सापडते. जास्त वेगाने फरक पडतो तो ओपनिंगच्या टोकाशी नवी खेळी शोधणाऱ्या व्यावसायिकांना. भाड्याने मिळणारी क्लाउड इंजिनंही त्यांच्यासाठीच. तुमचे पैसे चेर्नेव, सिल्मन आणि एक बरा लाकडी पट एवढ्यावरच खर्च करा. ही दोन्ही पुस्तकं संपली आणि खुणा केलेली वही भरली की मला तिच्यातल्या न जुळलेल्या खेळ्या पाठवा. तिसरं पुस्तक कोणतं ते त्यावरून सांगता येईल.